पत्ता तोच

एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या बाबांच्या कॉलेज-बॅचमधल्या किती जणांची नावं तुम्हाला धड सांगता येतील? आपल्या बॉसपासून रूममेटच्या बॉयफ्रेंडपर्यंत सगळ्यांची कुंडली बाबांना पाठ असते. आपल्याला मात्र त्यांचे मित्र 'ते भिलाईवाले' नाहीतर 'त्या चंद्रपूरच्या' एवढेच माहीत असतात. मीही त्याच कॅटेगरीतली. पण २०२५ च्या दसऱ्याच्या आसपास बाबांच्या अख्ख्या बॅचचा बायोडेटा माझ्या लॅपटॉपवर येऊन पडला, आणि माझी चांगलीच जिरली.

झालं असं. बाबा १९७५ मध्ये नागपूर विद्यापीठातून केमिस्ट्रीत एमएस्सी झाले. बॅचला पन्नास वर्षं झाली म्हणून भिलाईवाल्या काकांनी व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, नागपुरात गेट-टुगेदर ठरवलं आणि जाहीर केलं, की स्मरणिका हवीच. प्रत्येकानं आपलं 'लाइफ अपडेट' द्यायचं. टायपिंगचं काम कोणावर? अर्थात माझ्यावर. "पोरगी पुण्यात आयटीत आहे ना, तिच्यासाठी चुटकीचं काम!"

काम चुटकीचं नव्हतं, पण वेळ होता. भरपूर होता. कारण जुलैमध्ये माझी नोकरी गेली होती. सात मिनिटांचा व्हिडिओ कॉल, एक छापील वाटावी अशी दिलगिरी आणि संध्याकाळी लॉगिन बंद. घरी मी 'वर्क फ्रॉम होम मिळालंय' असं सांगून मंगरूळपीर तालुक्यातल्या आमच्या गावी आले होते. रोज सकाळी दहाला लॅपटॉप उघडायचे, कानात हेडफोन घालायचे आणि नोकऱ्यांच्या साइटवर अर्ज टाकत बसायचे. आई आल्यागेल्याला सांगायची, "हळू बोला, तिची मीटिंग चालू आहे." ते ऐकून पोटात कसं व्हायचं, ते मलाच माहीत.

तर, अपडेट्स. मी एक झकास फॉर्म बनवला होता. नाव, पत्ता, पहिली नोकरी, शेवटचं पद, मुलं-नातवंडं, आयुष्यातले टप्पे. निम्म्या मंडळींनी फॉर्म बाजूला ठेवून वहीच्या कागदावर लिहून फोटो पाठवले. ते वाचता वाचता मी गुंतत गेले.

भिलाईवाल्या काकांचं चार ओळींत आटोपलेलं. स्टील प्लांटची लॅबोरेटरी, २०१३ मध्ये रिटायर, दोन स्टेंट, एक नातू. न्यू जर्सीवाल्या काकांची चार पानं. त्यांतली दोन घरांच्या किमतींवर. बँकेतल्या काकांनी अकरा बदल्यांची गावं ओळीनं लिहिली होती, तीही पिनकोडसकट. चंद्रपूरच्या मावशींनी लिहिलं होतं, 'लग्न १९७६. पीएचडी २००१. मधली २५ वर्षं वेगळ्या पानावर लिहीन.' आणि एका फॉर्मवर अक्षर वेगळंच होतं. 'हे २०२१ मध्ये कोविडनं गेले. फॉर्म मी भरते आहे. त्यांना आवडलं असतं.'

बावीस जणांची बॅच. आठ जण नाहीत. माझ्या स्वतःच्या बॅचमध्ये असा हिशेब आम्ही कधी केलेला नाही. आमच्यात कोण ऑनसाइट गेलं, कोणी दुसरा फ्लॅट घेतला, एवढीच गिनती चालते.

बाबांचा फॉर्म सगळ्यात शेवटी आला. नाव. पत्ता. बाकी सगळे रकाने कोरे. 'सध्या' या रकान्यात एकच शब्द : ठीक.

"बाबा, हे काय? आयुष्यातले टप्पे तरी लिहा."

"लिहासारखं काय आहे त्यात? शेती केली. तू दुसऱ्यांचे छाप. मी काही नागपूरले येत नाही."

"काहून?" मीही वऱ्हाडीवर उतरले.

"मळणीचे दिवस आहेत."

मळणी ऑक्टोबरात. गेट-टुगेदर नोव्हेंबरात. बाबांना गणित येत नाही असं कोणी म्हणणार नाही. म्हणजे कारण वेगळं होतं.

स्मरणिकेसाठी त्यांचा तरुणपणीचा फोटो शोधायला मी माळ्यावरची लोखंडी पेटी काढली. फोटो सापडला. बेलबॉटम आणि कानावर केस! त्याच्याखाली पदवीचं भेंडोळं होतं आणि एक पिवळा पडलेला टाइप केलेला कागद. एका मोठ्या कारखान्याची ऑर्डर. पद : केमिस्ट. महिना : जुलै १९७५. चौतीस वर्षांत ह्या कागदाबद्दल मी एक शब्द ऐकला नव्हता.

रात्री जेवणं झाल्यावर ओसरीवर बाबा फवारणीचा पंप उघडून बसले होते. मी कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि वॉशर पुसत राहिले.

"जूनमध्ये आबाजीले लकवा झाला. तुझ्या दोन्ही आत्या लग्नाच्या. पेरणी कोण करणार होतं?"

"मग नंतर जायचं."

"नंतर कोण थांबून राहते?"

मला वाटलं विषय संपला. पण मी खोदून विचारलं, पश्चात्ताप होतो का? आपल्याला अशा वेळी काय उत्तर हवं असतं, माहितीय ना? 'नाही गं, माती माझी आई' टाइप. बाबा म्हणाले, "झाला तर. लय झाला. भिलाईवाला एका दिवाळीत सूट घालून भेटाले आला होता. मी बैलगाडीतून खताची पोती उतरवून राहिलो होतो. त्यानं मिठी मारली तर त्याच्या सुटाले युरिया लागला." मग थोडं थांबून, "सात-आठ वर्षं टोचत होतं. मंग वेळ भेटला नाही."

आता तुम्हीच सांगा, असं ऐकल्यावर माणूस 'वर्क फ्रॉम होम'चं नाटक किती वेळ चालवणार? माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, माझी नोकरी जुलैतच गेली."

पंपाचा वॉशर त्यांच्या हातात तसाच राहिला.

"पगार किती महिन्यांचा दिला?"

"तीन."

"फ्लॅटचा हप्ता?"

"डिसेंबरपर्यंत निभेल."

"बरं. तुझ्या आईले मी सांगतो. सकाळी मळणीयंत्र येणार आहे, लवकर झोप."

एवढंच. लेक्चर नाही, डोक्यावरून हात नाही. पण जुलैपासून पहिल्यांदा मी त्या रात्री सलग झोपले.

दुसऱ्या दिवशी डोक्याला रुमाल बांधून मी मळणीवर उभी होते. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामाला क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि घरी आलेला व्यापारी चार हजारांच्या आसपास बोलत होता. वर ओलाव्याची कटौती वेगळी. बाबा त्याच्याशी शांतपणे वाद घालत होते. मी मनात म्हटलं, माझ्या अॅप्रेझलमध्ये मी असं एकदा तरी भांडायला हवं होतं.

त्या दुपारी निंबाच्या सावलीत डबा खाताना माझ्या लक्षात आलं, की गोची माझ्या फॉर्मचीच आहे. पहिली नोकरी, शेवटचं पद. म्हणजे जो कुठेतरी निघून गेला त्याच्यासाठीच सगळे रकाने! जो जागेवर राहिला त्यानं लिहायचं कुठे? मी सगळे रकाने उडवले आणि नुसतं विचारलं, "कोणत्या वर्षी काय झालं, तेवढं सांगा." बाबा सांगत गेले, मी टाइप करत गेले. ही घ्या त्यांची एंट्री, जशीच्या तशी.

'१९५३ : जन्म. जिल्हा अकोला, राज्य मध्य प्रदेश.

१९५९ : पहिलीत नाव घातलं. राज्य मुंबई.

१९६० : दुसरी. राज्य महाराष्ट्र.

१९७३ : अकोल्याहून बीएस्सी. विद्यापीठ नागपूर.

१९७५ : एमएस्सी. नोकरीची ऑर्डर आली. गेलो नाही. पेरणी केली.

१९७८, १९८१ : बहिणींची लग्नं.

१९८३ : अमरावती विद्यापीठ निघालं. आमचं अकोल्याचं कॉलेज तिकडे गेलं.

१९८४ : वडील वारले. त्याच उन्हाळ्यात विहिरीला पाणी लागलं. ते त्यांना पाहायचं होतं.

१९८७ : कपाशी मोडून सोयाबीन पेरलं. गाव हसलं. तीन वर्षांनी गावानं पेरलं.

१९९१ : मुलगी झाली.

१९९८ : वाशीम जिल्हा झाला.

२००५ : नागपूर विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचं नाव लागलं.

२००८ : अकोला-पूर्णा छोटी लाईन मोठी झाली.

२०२२ : समृद्धी महामार्ग नागपूरहून शिर्डीपर्यंत सुरू झाला.

पत्ता : तोच.'

मी दोनदा वाचलं. माणूस एकाच वाड्यात राहिला आणि तीन राज्यं, दोन जिल्हे बघून झाले! खोटं वाटत असेल तर इतिहासाचं पुस्तक काढा. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. वाशीम जिल्ह्याचा जन्म १ जुलै १९९८ चा. पण त्यातही बाबांनी दुरुस्ती सुचवली. "इंग्रजांच्या काळात वाशीम जिल्हाच होता, १९०५ मध्ये मोडून अकोल्यात घातला. म्हणजे रिटायर होऊन पुन्हा ड्यूटीवर आला म्हण." त्याच्याही मागे गेलात तर हेच वाशीम वत्सगुल्म नावानं वाकाटकांची राजधानी होतं. एवढा मोठा बायोडेटा असलेल्या गावाजवळचा माणूस स्वतःबद्दल 'ठीक' लिहून मोकळा झाला होता.

स्मरणिका छापायची जबाबदारी बाबांनी स्वतःहून घेतली. वाशीमला पाटणी चौकाकडे कामं होतीच, प्रूफ घेऊन गेले. 'मी येत नाही'चा विषय कोणी पुन्हा काढला नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही पहाटे निघालो. शेलूबाजारजवळ समृद्धीवर चढलो आणि तीन तासांच्या आत नागपूर. बाबा सारखे घड्याळ बघत होते. त्यांच्या वेळी गावातून बैलगाडी, मग एसटी, वाशीमहून छोट्या लाईनीनं अकोला आणि तिथून मोठी गाडी. घरून निघालं की होस्टेलला पोचायला दिवस जायचा. "एवढ्या लवकर पोचता आलं असतं, तर…" एवढंच म्हणाले आणि बाहेर पाहू लागले. मीही पुढचं विचारलं नाही.

हॉलवर अकरा जण आले होते. विद्यापीठाच्या थोर माजी विद्यार्थ्यांमध्ये नरसिंह रावांचं नाव घेऊन प्रास्ताविक झालं, मग टाळ्या, मग समोसे. स्मरणिका वाटल्या गेल्या. मी कौतुकानं बाबांचं पान उघडलं आणि गार पडले. '२०२२'च्या खाली एक ओळ होती, जी मी टाइप केलेली नव्हती. प्रेसमध्ये प्रूफवर पेननं घातलेली.

'२०२५ : मुलीची नोकरी गेली. सध्या घरी आहे. मळणीला मदत झाली. हुशार आहे.'

चाळीस प्रती. भिलाई, चंद्रपूर, न्यू जर्सी. जी गोष्ट मी सख्ख्या मैत्रिणींपासून चार महिने लपवली, ती बाबांनी विहिरीच्या पाण्याच्या आणि मोठ्या लाईनीच्या पंगतीत बसवून टाकली होती! मी दातओठ खात त्यांच्याजवळ गेले. "बाबा, हे काहून छापलं?"

"त्या वर्षी तेच झालं ना?" ते खरोखरच गोंधळले होते. "मी १९७५ चं छापू दिलं का नाही तुले?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मग एकेकाला तीन मिनिटं मिळाली. बाबांनी आपलं पान सरळ वाचून दाखवलं, सगळ्या ओळींसकट. 'गाव हसलं'ला हशा पिकला. शेवटच्या 'पत्ता : तोच'ला भिलाईवाले काका उठले आणि त्यांनी बाबांना मिठी मारली. "आज युरिया नाही ना रे?" त्यांनाही ते आठवत होतं! पन्नास वर्षांत एकदाही न बोललेली गोष्ट दोघांच्याही डोक्यात होती. चंद्रपूरच्या मावशींनी त्यांचं ते 'वेगळं पान' खरंच आणलं होतं. त्यांनी ते वाचलं नाही, पर्समधून काढून पुन्हा आत ठेवलं. म्हणाल्या, पुढच्या वेळी.

परतीच्या वाटेवर माझा फोन वाजत राहिला. न्यू जर्सीवाल्या काकांनी सीव्ही मागितला. बँकेतल्या काकांच्या सुनेच्या कंपनीत जागा होती. आणि मावशींचा मेसेज आला, 'नोकरी मिळेल गं. नीट जेवतेस ना?'

एवढ्यात नोकरी मिळाली, असं सांगून गोष्ट गोड करायचा मोह होतोय, पण नाही. हे लिहिताना दोन इंटरव्ह्यू झालेत आणि एका ठिकाणचं उत्तर यायचंय. फक्त हेडफोन घालून खोट्या मीटिंगा करणं बंद केलंय. गावात कोणी विचारलं तर आई बिनधास्त सांगते, "सध्या शोधून राहिली आहे."

आता कोणी 'काय मग, काय अपडेट?' म्हणून विचारलं, की मी 'ठीक' म्हणत नाही. वर्ष सांगते आणि काय झालं ते सांगते.