पॅन्ट्रीतली नोटीस

आमच्या पॅन्ट्रीत, मायक्रोवेव्हच्या वर, किमान वेतनाचं पोस्टर आणि अपघाताच्या सूचनांचा तक्ता यांच्यामध्ये ती अंग चोरून लागते. पांढरा कागद, चार टाचण्या.

कंपनीला परदेशी माणसाचं ग्रीन कार्ड करायचं असेल, तर बहुतेक वेळा आधी अमेरिकेच्या कामगार खात्याकडून लेबर सर्टिफिकेशन घ्यावं लागतं. 2005 पासून त्याला सगळे ‘पर्म’ म्हणतात. त्यापायी रविवारच्या पेपरात दोनदा जाहिरात येते, राज्याच्या रोजगार कार्यालयात 30 दिवस जागा झळकते, आणि पॅन्ट्रीत ही नोटीसबाई दहा कामकाजाचे दिवस मुक्काम ठोकते. मध्ये थँक्सगिव्हिंग आलं की मुक्काम लांबतो.

बाई बोलकी आहे. हुद्दा, काम, पगार सगळं सांगते. पगार तर थेट आकड्यात, जो आपण सख्ख्या मित्रालाही सांगत नाही. फक्त नाव घेत नाही. उखाण्यात निदान शेवटी नाव येतं! पण तेवढ्या वर्णनाचा आमच्या मजल्यावर एकच इसम आहे, आणि तो खाली उभा राहून पोळीभाजी गरम करतोय. मागून कुणी येऊन आकडा वाचलाच, तर तो फिरणाऱ्या डब्याकडे टक लावून बघतो.

शेवटच्या ओळी थेट विवाह नोंदणी कार्यालयातल्या फळ्याच्या वळणाच्या: कुणाकडे या अर्जासंबंधी काही पुरावा असल्यास सर्टिफाइंग ऑफिसरकडे पाठवावा. तिथे निदान लग्न व्हायचं असतं. इथे संसाराला सहा वर्षं झाली, आता हरकती मागवतायत! लायक आणि राजी असा स्थानिक उमेदवार निघाला, तर अर्ज तिथेच अडतो. गंमत म्हणजे ह्याची खुर्ची त्या उमेदवाराला मिळेलच असं नाही. ह्याचा व्हिसा शिल्लक असेतो बहुधा हाच तिच्यावर बसणार.

अकराव्या दिवशी सकाळी एचआरची बाई टाचण्या उपसते. लावल्याची तारीख, काढल्याची तारीख, खाली सही. आता नोटीस पाच वर्षं फायलीत पडून राहणार, ऑडिट आलं तर दाखवायला. अर्ज ज्या दिवशी खात्यात दाखल होईल, ती ह्याची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली जागा. भारतात जन्मलेल्यांना त्यानंतरही वर्षानुवर्षं दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये आपली तारीख शोधत बसावं लागतं.

दुपारी तो डबा घेऊन आला. मायक्रोवेव्ह लावला, वर बघितलं.

“काढली वाटतं,” म्हणाला, आणि टाचणीच्या एका भोकावरून अंगठा फिरवला.