काळ्या पानाचा चिरूट

'चिरूट' हा शब्द ऐकायला साहेबी वाटतो, पण आहे तमिळ. 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी. साहेबाने तो उचलला, आपल्या जिभेला जमेल तसा वळवला आणि जगभर नेला. त्यातही त्रिचिनापल्लीचा, म्हणजे आजच्या तिरुचिरापल्लीच्या उरैयूर भागातला चिरूट विलायतेत इतका ओळखीचा होता, की 1887 सालच्या पहिल्याच कादंबरीत शेरलॉक होम्स जमिनीवरची राख पाहून सांगतो, खुनी त्रिचिनापल्लीचा चिरूट ओढत होता. कारण काय, तर राख काळपट आणि पापुद्र्यांची. आमच्याकडे त्याच गावचे चिरूट येतात. बशीतली राख आम्ही काडीने उलटीपालटी करून पाहिली आहे. होम्सचे म्हणणे बरोबर आहे.

आणतात ते आमचे दुल्हेभाई. त्यांचा ट्रक सोलापूरहून तमिळनाडूला जातो. येताना कधी केळी, कधी दोर, आणि आमच्यासाठी कागदात गुंडाळलेली चिरुटांची एक जुडी. किंमत अगदी किरकोळ. दिसायलाही गरीबच. ना सोनेरी पट्टी, ना लाकडी पेटी. करंगळीपेक्षा थोडा जाड, दोन्ही टोकांना उघडा. सिगारचे एक टोक बंद असते, ते कापावे लागते. चिरुटाला ती यातायात नाही. वरचे पान मात्र पाहत राहावे असे. करड्या तपकिरीच्या पलीकडे गेलेले, जवळजवळ काळे, आणि बोट फिरवले की किंचित तेलकट.

काळे पान म्हणजे कडक माल, असा लोकांचा समज असतो. तसे काही नसते. कडकपणा आतल्या तंबाखूवर अवलंबून. बाहेरचा रंग येतो तो मुरवण्यातून. पाने ओलसर करून ढीग लावतात, ढीग आतून आपोआप तापतो, तो उलटायचा, पुन्हा लावायचा. जास्त दिवस आणि जास्त उष्णतेत राहिलेले पान काळे होते. स्पॅनिश लोक या रंगाला 'मादूरो' म्हणतात, म्हणजे पिकलेला. आम्हाला मेंदीची आठवण होते. जितका वेळ ठेवाल तितकी गडद. मुरताना पानाचा उग्रपणा कमी होतो आणि एक जड गोडवा येतो. शिवाय त्रिचीकडे पानाला गुळाचे पाणी दाखवण्याची रीत आहे. न पेटवता नुसता नाकाशी धरला तरी ढेपेचा वास येतो.

पेटवण्याचीही पद्धत आहे. माचिसची काडी घ्यावी, तिच्यावरचे गंधक जळून जाऊ द्यावे, मग टोक ज्योतीच्या जरा वर धरून फिरवत भाजावे आणि मगच ओठांत धरावे. धूर छातीत न्यायचा नाही. तोंडात घोळवायचा आणि सोडून द्यायचा. मिनिटाला एक झुरका पुष्कळ झाला. घाई केली की चिरूट तापतो आणि कडवट होतो. राख झटकू नये, आपण होऊन पडू द्यावी. चाळीस मुलांच्या वर्गाला दिवसभर गप्प बसवणाऱ्या माणसाला अर्धा तास स्वतः गप्प बसायला लावणारी ही एकच वस्तू आम्हाला सापडली आहे.

सुरुवातीचे चार-सहा झुरके मिरीसारखे नाकात चढतात. तिथेच निम्मे लोक नाद सोडतात. पुढे चव बदलते. तव्यावर करपत आलेला गूळ, बिनदुधाची कॉफी, आणि अर्ध्यावर आले की आमच्या भागातल्या लोकांनाच कळेल असा वास : हुरड्याच्या आगटीचा. शेणकुटाचा निखारा, भाजले जाणारे कणीस आणि थंडीतली माती, तिन्ही एकदम. तो वास पाच-दहा मिनिटे टिकतो. आमच्या लेखी सगळी किंमत त्या दहा मिनिटांची. शेवटच्या तिसऱ्या भागात काही राम नाही. तोंड कोरडे पडते, जिभेला चटका बसतो. सोडून द्यावा.

महिन्यातून एक, माळवदावर, इशाची नमाज झाल्यानंतर. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये अशी ताकीद आहे, मग या वासाने सफेत उभे राहायचे कसे? आलिमांपैकी कोणी तंबाखूला मकरूह म्हणतात, कोणी सरळ हराम. चिरुटाचा धूर छातीत नेला नाही तरी तोंडातल्या कातडीतून निकोटीन रक्तात जाते, आणि तोंडाचा-घशाचा कर्करोग धूर कुठवर नेला हे विचारत नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी असल्याचा 2003 च्या कायद्याचा फलक आमच्या फाटकावर आहे. त्यावरचा उर्दू मजकूर आमच्याच हातचा. यातले काहीच आम्ही नाकारत नाही.

दख्खनच्या मुसलमानांचे आणि तंबाखूचे नाते मात्र जुने आहे. मोगल वकील असद बेगला तंबाखू सापडली ती विजापुरात, सोलापूरपासून शंभर किलोमीटरवर. 1604-05 च्या सुमारास त्याने ती रत्नजडित नळीसकट अकबरापुढे ठेवली. हकीम नको म्हणत असताना बादशहाने दोन-चार झुरके घेतलेच. पुढे 1617 साली जहांगीरने बंदी घातली. बंदीचे काय झाले ते कोणत्याही पानटपरीवर दिसते.

आमच्या घरात तंबाखू आली ती नळीतून नव्हे, सुपातून. अम्मी बिड्या वळायची. सोलापुरात हे नवल नाही, गल्लीत घर सोडून घर हेच काम. रात्री टेंभुर्णीची पाने भिजत घालायची, सकाळी पत्र्याच्या मापाने कातरायची, चिमूटभर जर्दा, एक वळसा, दोऱ्याची गाठ, तोंड दुमडले की झाली बिडी. मजुरी हजारावर. संध्याकाळी कारखान्यात माल मोजून द्यायचा. तपासणारा मूठभर बिड्या खराब म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे नाहीत आणि बिड्याही परत नाहीत. त्या मजुरीतून आणि बिडी कामगारांच्या मुलांना मिळणाऱ्या वजिफ्यातून आमचे शिक्षण झाले, बी.एड.सकट.

दुपारी चार-पाच बाया आमच्याच अंगणात सुपे घेऊन बसत. हात अडकलेले, कान मोकळे. शाळेतून आलो की आमचे काम वाचून दाखवण्याचे. आधी 'पाकीजा आंचल', मग इब्ने सफी. 1952 साली अलाहाबादेत सुरू झालेल्या 'जासूसी दुनिया'च्या जीर्ण प्रती मोहल्ल्यात हातोहात फिरत. त्यातले कर्नल फरीदी गुंता सुटेना की सिगार पेटवतात. एकदा रजिया खालांनी विचारले, "सिगार बोले तो क्या रे?" आम्ही म्हणालो, "बडी बिडी." सगळ्या हसल्या. अम्मी म्हणाली, "फिर उसकी मजुरी बी बडी हुंगी."

फार पुढे वाचनात आले की क्यूबात हे रीतसर चालत होते. हवानाच्या सिगार कारखान्यात 1865 पासून कामगारांना वाचून दाखवणारा माणूस नेमला जाई. वर्तमानपत्र, कादंबऱ्या. त्याचा पगार कामगार आपल्याच मजुरीतून वर्गणी काढून देत. पुढच्याच वर्षी स्पेनच्या सरकारने घाबरून ते बंद पाडले, पण प्रथा पुन्हा उभी राहिली. 'मॉन्टेक्रिस्टो' हे सिगारचे नाव असेच कामगारांच्या आवडत्या कादंबरीवरून पडले. आम्हाला कोणी पगार दिला नाही. वाचून झाल्यावर शेंगदाणे मिळत.

अम्मीने आयुष्यात एकही बिडी ओढली नाही. खोकला मात्र तिच्या छातीत कायमचा राहिला आहे, जर्द्याच्या धुळीचा. म्हणून चिरूट माळवदावर, जिन्याचे दार लावून. तरी गेल्या हिवाळ्यात तिला वास लागलाच. सकाळी तिने हात पुढे केला. "दिखा."

आम्ही जुडीतला एक तिच्या हातावर ठेवला. रागावेल असे वाटले होते. तिने तो अंगठा आणि दोन बोटांत धरून हळूहळू फिरवला. डोळे मिटलेले. एका जागी बोटे थांबली, मागे गेली, पुन्हा थांबली.

"पान अच्छा है. लपेटनेवाली का हात बी अच्छा. मगर यां जर्दा जादा ठुस्या. यां अटकेगा."

आदल्या रात्रीचा चिरूट बरोबर अर्ध्यावर अडकला होता. ओढून ओढून गाल दुखले होते. होम्सला त्यासाठी राख लागली असती.

मग तिने तो परत दिला आणि जे म्हणायचे ते म्हणाली : "तंबाकू के पैशे से तुजे पढाई रे, तंबाकू पीने को नै पढाई."

आम्ही गप्प. उत्तर तेव्हा नव्हते आणि आजही नाही. जुडीत अजून तीन आहेत. आता पेटवण्याआधी आमचीही बोटे आपोआप तो फिरवून पाहतात, गाठ कुठे आहे ते शोधत. अम्मीसारखे जमत नाही. वळणाऱ्या बाईचा हात कुठे थकला असेल, कोणत्या विणीपाशी तिला मूल रडताना ऐकू आले असेल, हे तिला कळत असणार. 1966 साली केंद्राने कायदा केला तो 'बिडी आणि सिगार कामगार' अशा जोडनावाचा होता. दिल्लीने या दोघींना एका ओळीत बसवले, पण उरैयूरच्या बाईची आणि सोलापूरच्या बाईची गाठ आमच्या माळवदावर पडली.

दोन दिवसांनी पाने कातरता कातरता अम्मीने विचारले, "हजार को क्या देते वां?"

दुल्हेभाईंना फोन लावला. त्यांना ठाऊक नव्हते. पुढच्या फेरीला विचारून येतो म्हणाले. अम्मीने फोन हातात घेऊन त्यांना बजावले, दुकानदाराला नको, वळणारीला विचार.