पिवळी कॅसेट

रविवार, सांताक्रूझ. माळा आवरताना व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट सापडली. लेबल उडालेलं, कडा चावलेल्या (धाकट्या भावाचे दात!). '९९९ इन १' असं सांगून दुकानदारानं दिली होती. मोजले तर खेळ जेमतेम वीस. त्यातला एक बेसबॉल.

लहानपणी वाकोल्याच्या दोन खोल्यांत आम्हाला बेसबॉल म्हणजे चुकीचं शिकवलेलं क्रिकेट वाटायचं. संघांना नावं नाहीत, नुसती अक्षरं. टीव्हीवर चित्र आलं नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची. बोलिंग करताना रिमोटचं खालचं बटण दाबून धरलं की चेंडू सुसाट, वरचं दाबलं की संथ. धाकटा कायम संथ टाकायचा आणि मी घाईनं बॅट आधीच फिरवून बसायचो. तीनदा हुकलं की आउट! मागे मारलेला सुरेख लेट कट तर फाउल. हा मला अजूनही अन्याय वाटतो. क्षेत्ररक्षक मात्र आपोआप चेंडूमागे पळायचे, आपण फक्त थ्रो करायचा. गल्लीत अशी सोय असती तर गटारात हात कुणी घातला असता?

आज कळलं, निन्टेंडोनं तो खेळ जपानात आणला डिसेंबर १९८३ मध्ये. म्हणजे कपिलनं लॉर्ड्सवर कप उचलला, त्याच वर्षी.

आता बेसबॉलचे गेम्स खऱ्या खेळाडूंच्या चेहऱ्यांसकट येतात. धाकट्याला कॅसेटचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "रिमोट पहिला माझा."