नाव नसलेले रोल

आमच्या घरात पुस्तके नव्हती. होती ती आजोबांची बिस्किटांची पत्र्याची पेटी. आजोबा मालवणच्या बाजारात एका फोटो स्टुडिओत कामाला होते. अंधाऱ्या खोलीतले ट्रे धुवायचे आणि जत्रेत मालकाच्या मागून कॅमेऱ्याची तिकाटणी वाहायची, हे त्यांचे काम. गेल्या मे महिन्यात नळे परतताना ती पेटी माळ्यावरून खाली आली. आत चार रोल. एकावरही नाव नाही, तारीख नाही.

आजी उठून बसली. तिची थोरली मुलगी, म्हणजे माझी आत्या, सहाव्या वर्षी तापाने गेली. तिचा एकही फोटो घरात नाही. आजी म्हणाली, "तुझ्या आजान तिचो फोटो काढलेल्यान. पण बाय गेली, मगे तो धुवूचो तेका धीर झालो नाय."

मी मोबाइलच्या जमान्यातला! एका रोलची चिकटपट्टी फाडली आणि खळ्यातल्या उन्हात तो सरळ उलगडला. आत नुसती करडी पट्टी. "ह्यो रिकामो आसा," असे मी आजीला ऐटीत सांगितले.

कॉलेज उघडल्यावर इतिहासाच्या सरांना ही गोष्ट सांगितली. सर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "अरे, ती चिकटपट्टी फोटो काढून झाल्यावरच लावतात." माझ्या पोटात गोळा आला.

उरलेले तीन रोल सरांनी टेबलावर मांडले. दोन रुंद, कागदात गुंडाळलेले, १२० नंबरचे. क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यात त्यावर बारा चौकोनी फोटो निघत. तिसरा ३५ मिलिमीटरचा, डबीतला. त्याचे टोक पूर्ण आत गेलेले, म्हणजे बहुधा वापरलेला. फिल्मचे नाव तिच्या कडेवर कारखान्यातच प्रकाशाने छापलेले असते. पण फिल्म धुतल्याशिवाय ते दिसत नाही. मग नाव माहीत नसता धुवायची कशी? सर म्हणाले, "कृष्णधवल पद्धतीने. फिल्म रंगीत निघाली तरी काळेपांढरे चित्र मिळते." त्यांनीच सांगितले की दादासाहेब फाळके यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन' पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी सुट्या तुकड्यांतून जुळवला. ते ऐकून जरा धीर आला.

सरांच्या एका कोल्हापूरच्या स्नेह्यांनी रोल धुऊन पाठवले. डबीतला कोरा निघाला. एक रुंद रोल कोकणातल्या दमटपणाने बुरशी लागून गेला होता. दुसऱ्यावर चार चित्रे आली. कडेवर अक्षरे होती : ओर्वो. पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनच्या कारखान्याने हे नाव १९६४ साली घेतले. म्हणजे फोटो त्यानंतरचे. एका चित्रात शाळेची पाटी, तिच्यावर 'जि. रत्नागिरी'. आपला सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. म्हणजे फोटो बहुधा त्याआधीचे. आत्या गेली ती याच काळात. पाटीखाली परकर नेसलेली एक मुलगी उभी होती.

मी धावत घरी गेलो. आजीने फोटो दाराच्या उजेडात धरला. पुष्कळ वेळ पाहिला.

"ही आमची बाय न्हय," ती म्हणाली. "ही शेजारची. दोघी वांगडाच शाळेत जायत." मग फोटो पदराने पुसत तिने विचारले, "आजून रोल आसत काय रे, झिला?"

मी "नाय" म्हटले. ते खोटे नव्हते, आणि खरेही नव्हते.

ती शेजारची मुलगी आज साठीची आहे. फोटो तिला नेऊन दिला, तेव्हा तिला बोलवेना. चारही चित्रांच्या पाठीवर आजी सांगेल तशी नावे मी लिहिली आहेत. उन्हात उलगडलेली ती करडी पट्टीही मी पेटीत जपून ठेवली आहे. तिच्यावर मात्र काय लिहावे ते सुचत नाही.

आजीला वाचता येत नाही. हा अंक हातात आला की हा लेख मी तिला वाचून दाखवणार आहे. सगळा.