भात, भाकरी आणि आमसुले

दोन वर्षांपूर्वी मुलाकडे अमेरिकेस जाण्याचा योग आला. त्या प्रवासात न्यू ऑर्लिअन्स शहरी एका खाणावळीत माझ्यापुढे ‘गंबो’ नावाचा पदार्थ आला : भेंडी, कोळंबी, दाट रस, आणि सोबत चक्क भात! सारस्वताच्या पोटाला याहून ओळखीचे दुसरे काय हवे? मुलाने माहिती पुरविली, की गंबो हे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या भाषेतील भेंडीचे नाव. पीठ लोण्यात किंवा तेलात परतून रस दाट करण्याची रीत फ्रेंचांची. आणि वरून भुरभुरायची पानांची पूड तेथील मूळच्या चोक्टॉ लोकांची. ज्या मुलखाला फ्रान्सने १८०३ साली विकून टाकले, त्याचा सारा इतिहास त्या एका वाडग्यात होता. शेजारच्या टेबलावरील एका गृहस्थाने मला सहज विचारले, “तुमच्या गावचा खास पदार्थ कोणता? आणि त्यावरून तुमच्या लोकांचा स्वभाव कसा ओळखावा?”

मी बेळगावचा. कुंदा म्हणावे, तर तो प्रथम एका मारवाडी हलवायाच्या हातून दूध अधिक आटल्यामुळे झाला असे सांगतात. मांडे म्हणावेत, तर ते लग्नकार्यातले. रोजच्या पानात ते मनातच खायचे! मी हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न मनातून गेला नाही.

आमच्या जिल्ह्यात पश्चिमेस खानापूरकडे पाऊस धो धो कोसळतो, तेथे भात पिकतो. पूर्वेस गोकाक-सौंदत्तीकडे जावे तसतसा पाऊस विरळ होतो आणि जोंधळा सुरू होतो. भात आणि भाकरी यांमधील ही सीमा ढगांनी आखली आहे. १९५६ ची राज्यपुनर्रचना किंवा १९६६ चा महाजन आयोग यांच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. आम्ही ज्याला जोंधळा म्हणतो त्याला शेजारचे कानडी लोक ‘जोळ’ म्हणतात. आमची आंबील ती त्यांची ‘अंबली’. पुरणपोळीच्या दिवशी आमच्याकडे कटाची आमटी, त्यांच्याकडे ‘कट्टिन सारु’. निपाणीस दिलेली माझी आत्या तर चार वर्षांत ओला नारळ विसरून सुके खोबरे आणि कांदा-लसणाचे तिखट यांत पुरती कोल्हापूरकरीण झाली. सौंदत्तीच्या यल्लम्मेला कोल्हापूरकडचे भाविक बैलगाड्यांनी जात, तेव्हा भाकरीची गाठोडी कोणत्या राज्याची, हे देवीने कधी विचारले नाही.

येथपर्यंत लिहून ‘अन्न माणसांना जोडते’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. एकच भाकरी खाणारी माणसे एकमेकांशी बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत. १९५६ च्या त्या दिवसांत आमच्या आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या कानडी कुटुंबाच्या घरांमधील वाटीची ये-जा बंद पडली. भांडण झाले नव्हते. एके दिवशी वाटी आली नाही, मग आईनेही पाठविली नाही, इतकेच.

आईचे दुःख तेव्हा दुहेरी होते. आमचे कुलदैवत श्रीमंगेश गोव्यात. १९५५ मध्ये सरहद्द बंद झाली, लोंढ्यावरून गोव्यात जाणारी रेल्वे थांबली, आणि माहेरहून दर उन्हाळ्यात येणारी आमसुले यावयाची राहिली. बाजारात आंबोली घाटाने आलेली सावंतवाडीकडची सोले मिळत. वडील ती आणीत. आई ती हातात घेऊन हुंगी आणि म्हणे, “हीं आमगेलीं न्हंय.” तांदूळ महाग झाला तेव्हा तिने कुरकुर न करता भाकरी थापावयास शिकून घेतले, नारळ अर्धा केला, मासळी तर घाटावर आल्यापासूनच दुर्मिळ. सोलांच्या बाबतीत मात्र ती हटून बसली. जुन्या बरणीच्या तळाशी उरलेली पाच-सहा काळी सोले तिने नैवेद्याच्या दिवसांसाठी राखून ठेवली होती. ती एकेक करून संपली. कोणी माझ्या लोकांचा स्वभाव विचारील, तर मी त्या बरणीकडे बोट दाखवीन. माणूस काय खातो यापेक्षा, सारे सोडून दिल्यावर तो काय सोडीत नाही, तेच मला अधिक सांगून जाते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही मंगेशीला गेलो. आईने देवापुढे काय मागितले ते मला ठाऊक नाही. येताना तिच्या मांडीवर सोलांचे गाठोडे होते. घरी पोहोचल्यावर तिने फडताळातून एक पितळी वाटी काढली. ती शेजारच्यांची होती, सहा वर्षे आमच्याकडे राहिलेली. रिकामी वाटी परत करावयाची नाही, हा दोन्ही घरांचा रिवाज. आईने ती सोलांनी शिगोशीग भरली आणि माझ्या हाती देऊन मला पलीकडे धाडले.

पुढील होळीला ती वाटी कट्टिन सारु घेऊन परत आली. चिंचेऐवजी त्यांनी आमची सोले घातली होती. आईने बोटाने चाटून पाहिले, तोंड किंचित वाकडे केले आणि मला हळूच म्हणाली, “ना रे, हाका चिंचच बरी.”