परांड्याहून मसयाफकडे

सोलापूरचा भुईकोट किल्ला सिद्धेश्वर तळ्याला लागून उभा आहे. पहाटे फिरायला आलेली माणसं तटाच्या कडेनं चालत जातात आणि सिद्धरामेश्वरांच्या देवळात हात जोडतात. या किल्ल्यापायी विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही पिढ्यान्‌पिढ्या झुंजली. १५२४ मध्ये इस्माईल आदिलशहाची बहीण बीबी मरियम हिचं लग्न सोलापुरात बुऱ्हाण निजामशहाशी लागलं. किल्ला आंदण म्हणून कबूल केला होता, असा निजामशाहीचा दावा. विजापूरनं तो दिला नाही आणि सोयरिकीची लढाई झाली.

मला मात्र लढायांचा माग काढायचा नव्हता. त्याच काळात या मुलुखात आसरा शोधत आलेल्या एका इराणी विद्वानाच्या वाटेनं मला जायचं होतं. त्यांचं नाव शाह ताहिर. आणि त्यांच्यापर्यंत मला नेलं ते सीरियातल्या बातम्यांनी.

मार्च २०२५ मध्ये सीरियाच्या किनारपट्टीवर शेकडो अलवी नागरिक मारले गेले. हे लोक कोण, म्हणून मी वाचायला बसलो. नवव्या शतकात इराकमध्ये मुहम्मद इब्न नुसैर यांच्या अनुयायांतून हा पंथ निघाला. दहाव्या शतकात खसीबी यांनी तो अलेप्पोपर्यंत रुजवला. हजरत अलींच्या ठायी ईश्वरी प्रकाश पाहणारी ही माणसं. त्यांची गूढ शिकवण दीक्षा घेतलेल्यालाच मिळते. नौरोज ते साजरा करतात आणि येशूचा जन्मही. कर्मठांनी त्यांना धर्मबाह्य ठरवलं, तेव्हा लाताकियामागच्या डोंगररांगांनी त्यांना सांभाळलं. शतकानुशतकं त्यांतले बहुतेक जण शहरातल्या जमीनदारांची शेतं कसत राहिले. १९७० मध्ये त्यांच्यातलाच एक लष्करी अधिकारी, हाफिज असद, सत्तेवर आला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या मुलाची राजवट कोसळली आणि घराण्याच्या जुलमाचा हिशेब डोंगरातल्या गरिबांकडून वसूल होऊ लागला.

त्याच डोंगरांत अलवींचे शेजारी म्हणून मसयाफ आणि कदमूस या गावांत इस्माइली या शिया पंथाचे लोक राहतात. त्यांच्याबद्दल वाचताना एका ओळीवर मी थबकलो. तिथल्या इस्माइलींच्या एका मोठ्या शाखेचे इमाम कित्येक पिढ्या अहमदनगरला आणि पुढे औरंगाबादला राहत होते. त्या इमामांपैकी शाह ताहिरांना दख्खनमध्ये पहिला खरा आसरा मिळाला तो परांड्याच्या किल्ल्यात. सोलापूरच्या इतक्या जवळ!

बार्शीची एसटी धरली. वैरागच्या पुढे दोन्ही बाजूंना शाळू वाऱ्यावर डोलत होता. बार्शीत भगवंताच्या देवळात डोकावलो, स्टँडजवळ कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली आणि परांड्याच्या गाडीत बसलो.

परांड्याचा किल्ला गावाला खेटूनच आहे. खंदक, दुहेरी तट, बुरुजांवर आडव्या पडलेल्या लांबलचक तोफा. आत मशीद आहे, नरसिंहाचं देऊळही आहे. विजापुरात आज दिसणारी मुलुखमैदान तोफ पूर्वी इथंच होती. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि तिच्यावरच्या लेखात निजामशहा स्वतःला पैगंबरांच्या घराण्याचा सेवक म्हणवतो. तोफेवर जी भक्ती उमटली, तिच्यामागं शाह ताहिर होते.

इराणातल्या काशान शहरात ते शिकवत. विद्यार्थ्यांची आणि अनुयायांची गर्दी वाढली तसा सफवी बादशहा शाह इस्माईलला संशय आला आणि त्यांच्या जिवावर बेतलं. १५२० मध्ये ते समुद्रमार्गे गोव्याला उतरले. विजापूरच्या दरबारात त्यांची कदर झाली नाही. माघारी फिरायच्या विचारात असताना ते परांड्याला आले. किल्लेदार ख्वाजा जहाननं त्यांना ठेवून घेतलं. तिथं निजामशहाचे गुरू पीर मुहम्मद शिरवानी आले होते. तेच या पाहुण्यापुढं शिष्य होऊन खगोलशास्त्राचा ग्रंथ शिकायला बसले आणि अहमदनगरला जाऊन त्यांनी शाह ताहिरांची थोरवी सांगितली. १५२२ मध्ये निजामशहाचं बोलावणं आलं. १५३७ मध्ये बुऱ्हाण निजामशहानं शिया पंथ राज्याचा धर्म केला, तो शाह ताहिरांच्याच प्रभावानं. ते स्वतः इस्माइली इमाम होते. पण उघडपणे बारा इमामांचा पंथ सांगत राहिले. जीव आणि श्रद्धा दोन्ही जपायची ती रीत डोंगरातल्या अलवींनाही ठाऊक होती.

दरवाजाच्या सावलीत एक म्हातारबाबा बसले होते. मी कशासाठी आलो ते ऐकून म्हणाले, "अलींचं म्हणता व्हय? आमच्या वाड्यात मोहरमला पंजे बसत्यात. आम्ही मराठे, पण आजाच्या आजापासनं चालत आलंय. नवसाला पोरं फकीर व्हत्यात."

"बाबा, कुणी सुरू केलं?"

"ते कशाला इचारायचं? मान हाय, तो चालवायचा."

इकडं हा मान चालू राहिला. तिकडं सीरियातल्या अनुयायांचा धागा तुटला. १७९६ नंतर औरंगाबादच्या इमामांकडून, अमीर मुहम्मद बाकिर यांच्याकडून, काही कळेना. १८८७ मध्ये सीरियातली माणसं इमामांचा वारस शोधत भारतात आली. वारस सापडला नाही. बहुतेकांनी मग इस्माइलींच्या दुसऱ्या शाखेच्या आगाखानांना इमाम मानलं. मसयाफ-कदमूसच्या थोड्या कुटुंबांनी जुनीच निष्ठा धरून ठेवली. त्या डोंगरांत अलवी आणि इस्माइली यांच्यात जमिनीवरून, गढ्यांवरून रक्तही सांडलं. १८०८ च्या सुमारास अलवींनी मसयाफ घेतलं होतं. छळ सोसलेल्यांनी एकमेकांना छळलं नाही, असं इतिहास म्हणत नाही.

म्हणूनच पीर मुहम्मदांची पुढची हकिगत मला महत्त्वाची वाटते. निजामशहानं पंथ बदलल्यावर तेच बंड करून उठले. निजामशहा त्यांना ठार मारायला निघाला होता. इतिहासकार फिरिश्ता लिहितो की शाह ताहिरांनी रदबदली केली आणि त्यांचा जीव वाचला. एकेकाळी स्वतः जीव घेऊन पळालेल्या माणसाच्या हाती सत्तेचा कान आला, तेव्हा त्यानं तो विरोधकाच्या प्राणासाठी वापरला. सीरियात आज सत्ता ज्यांच्या हाती आहे त्यांनाही, आणि कुठल्याही देशात एका घराण्याच्या पापाचं खापर अख्ख्या जमातीवर फोडणाऱ्यांनाही, दख्खनच्या इतिहासातलं हे उदाहरण सांगायला हवं. आपण ते सांगू शकतो, कारण ते आपल्या मातीत घडलं आहे.