त्रिशंकूचा फोटो

आभाळातही गावगाडा आहे. उत्तरेला सप्तर्षी, सातच्या सात ऋषी. त्यातल्या वसिष्ठाला चिकटून त्याची अरुंधती. वर ध्रुव, पक्क्या वतनाचा, कधी न हलणारा. आणि पार दक्षिणेला, क्षितिजाच्या कडेला, उलटा टांगलेला त्रिशंकू. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी आपलं गाव उचलून वर नेलं.

माझी आज्जी ऋषीबिषी काही म्हणत नव्हती. ती म्हणायची म्हातारीची बाज. चार तारे म्हणजे बाजेचे खूर आणि मागचे तीन म्हणजे बाज चोरायला आलेले चोर. बाज कुठवर कलली यावरून रात्र किती सरली ते ती सांगायची. तिला हे तिच्या सासऱ्यानं शिकवलेलं. तो वेसकर. महार वतन 1958 च्या कायद्यानं गेलं, त्याआधी त्यानं अख्ख्या रात्री वेशीवर काढल्या. गाव झोपायचं तेव्हा आमच्या माणसानं जागायचं, म्हणून आमच्या माणसाला आभाळ पाठ.

मीही रात्रीच जागतो. सूतगिरणीत तिसरी पाळी. रिंगफ्रेमच्या दोन ओळींत फेऱ्या मारायच्या, धागा तुटला की सांधायचा. डोक्यावर ट्यूबलाइट, नाकातोंडात कापसाचा फुफाटा. छपराच्या वर चांदण्या असतात हे पाळीत कुणाच्या ध्यानातसुद्धा येत नाही.

दोन दिवाळ्यांच्या बोनसात मी एक जुना कॅमेरा घेतला. घरात बोलणी बसली. शिकवायला कोण नव्हतं, मोबाईलवर बघून शिकलो. 18 च्या लेन्सला पंधरा सेकंद उघडायचं. त्याहून जास्त उघडं ठेवलं तर चांदणीची रेघ होते, कारण पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. मुद्दाम तासभर फोटो काढून एकावर एक ठेवले तर बॉबिनवर सूत गुंडाळल्यागत गोल रेघा पडतात. खात्यातल्या पोरांना तोच फोटो आवडला. त्यात नीट बघा, मधोमध ध्रुवाचीसुद्धा एक बारकी रेघ आहे. तोही हलतो. बरोब्बर ध्रुवबिंदूवर तो नाहीच, जरासा सरकून आहे.

आता त्रिशंकू. वाचनालयातून रामायणाचं बालकांड आणून वाचलं. हा इक्ष्वाकू कुळातला राजा. सदेह स्वर्गात जायची त्याची इच्छा. वसिष्ठ नाही म्हणाला. मग हा वसिष्ठाच्या शंभर पोरांकडे गेला. ती चिडली आणि शाप दिला, तू चांडाळ होशील. रात्र सरली आणि राजाचा चांडाळ झाला. मंत्री पळाले, प्रजा पळाली. विश्वामित्रानं त्याला वर पाठवला, तर इंद्रानं खाली डोकं करून ढकलून दिला. विश्वामित्र मधेच थांब म्हणाला म्हणून तो तिथंच लटकला. पुराणातली वांगी पुराणात, मला ठाऊक आहे. पण निवडणूक आली की पेपरवाले 'त्रिशंकू विधानसभा' लिहितात. लटकणं तेवढं लोकांच्या तोंडात राहिलं, शाप कुणाला ठाऊक नाही. ज्याला शाप मिळाला त्याचा फोटो काढायचा असं मी ठरवलं.

तो दिसायला अवघड. मे महिन्यात रात्री साडेनऊ-दहाच्या सुमाराला हस्ताच्या सरळ खाली बघायचं. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश होतात. कोल्हापूरकडून त्रिशंकूचा खालचा तारा क्षितिजावर एवढाच, एक मूठ. डाव्या अंगाला मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे त्याच्याकडे बोट दाखवतात. दिल्लीतून तो पुरा दिसतच नाही, खालचा तारा तिथं उगवतच नाही. आणि ऑस्ट्रेलियानं त्याला झेंड्यावर घेतलाय. तिथले आदिवासी तर ताऱ्यांच्या मधला काळोख बघतात. त्रिशंकूशेजारी एक काळा डाग आहे, ते त्यांच्या एमू पक्ष्याचं डोकं.

8 मे 2024, अमावस्या. आदल्या दिवशी आमच्याकडं लोकसभेचं मतदान झालेलं. मी एक खाडा केला आणि दोस्ताच्या गाडीवर बसून पन्हाळ्यापलीकडच्या मसाई पठारावर गेलो. बुद्धपौर्णिमा उपयोगाची नाही, चांदण्यात तारे बुडतात. लोक ज्या रात्री घराबाहेर पडत नाहीत तीच आपल्याला लागते.

मसाई म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. पावसाळ्यात हिरवंगार, मे महिन्यात नुसता भोकाभोकांचा तांबडा दगड, रात्रीसुद्धा तव्यागत ऊन. कड्याच्या पोटात लेणी आहेत, लोक त्यांना पांडवदरा म्हणतात. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांचंही असंच पांडवलेणी करून टाकलं. डोंगराचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत. त्यांना पठार निर्मनुष्य लागतं. धनगराचा वाडा, गुरं, शेणी सगळं चौकटीबाहेर. ते मला पटत नाही.

कॅमेरा तिकाटण्यावर लावला. दोन-चार फोटो झाले. एक फोटो चालू असताना मागून बॅटरीचा झोत आला.

"कुठलं पाव्हणं?"

"इचलकरंजीचं."

"रातचं काय करताय हितं?"

"चांदण्यांचा फोटो काढतोय, काका."

"आमुशाला?" तो थोडा थांबला. "आडनाव काय म्हणायचं?"

दोस्त म्हणाला, "कांबळे."

बॅटरी आमच्या तोंडावरून पायावर आली. "बरं," तो म्हणाला. "देवळाकडं तेवढं जाऊ नका." आणि गेला.

दोस्त लई चिडला. निघूया म्हणाला. मी म्हटलं, अजून अर्धा तास आहे, मग तो मावळतीला कलेल. आम्ही थांबलो. दोघं तापल्या दगडावर बसून भाकरी खाल्ली आणि आणखी चौदा फोटो काढले.

घरी येऊन बघितलं तर बाकीच्या सगळ्या फोटोंत खाली नुसता काळोख. एकाच फोटोत जांभा दगड तांबडालाल उजळलाय, एकेक भोक मोजता येतंय, आणि वर त्रिशंकूचे चारी तारे. तो बॅटरीवाला फोटो. तोच मी छापून घेतला, पंचशील विहाराच्या भिंतीला लावलाय. त्यातला वरचा तांबूस तारा सुमारे 88 प्रकाशवर्षं लांब. म्हणजे त्या रात्री माझ्या कॅमेऱ्यात जो उजेड शिरला तो 1935 च्या सुमाराला तिथून निघालेला, बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली त्या सुमाराला.

पुढच्या मे महिन्यात अमावस्येला परत जायचंय. ज्याला यायचं त्यानं यावं. कॅमेरा नसला तरी चालेल. पाणी आणि भाकरी आपापली आणावी, बॅटरीला लाल कागद लावावा. आडनाव विचारलं तर सगळ्यांनी खरं सांगायचं.